पस्तिसाव्या कुंडीतली कळी

१

पहाटे पावणेसहाला देवळाच्या आवारात चौतीस कुंड्यांतली फुलं उमलली होती. पस्तिसावी कळी मिटलेलीच होती.

किनुएला वाटलं, आपलीच मोजणी चुकली. ती पुन्हा पहिल्या फळीपासून मोजत आली. आसागाओची फुलं ताटलीएवढी फुललेली, निळी, जांभळी, डाळिंबी, पांढऱ्या काठाची. ही गारवेलीच्या जातीची वेल. तिचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की दहाच्या सुमाराला मिटून जातं, ते कायमचं. म्हणून तर हिनोकुचीचं आसागाओ मंडळ आपलं प्रदर्शन लोक झोपेतून उठायच्या आत भरवतं. फुललेलं फूल हलवता येत नाही, त्यामुळे कुंड्या आदल्या दिवशी पाचलाच फळ्यांवर येतात. त्या रात्री देवळाच्या फाटकावरचा दिवासुद्धा मालवतात. फुलांना निजू द्यावं, अशी जुनी रीत.

दुसऱ्या फळीच्या टोकाला त्सुया अरिमाची कुंडी होती. तिच्यातली एकुलती एक कळी दुमडलेल्या छत्रीसारखी घट्ट उभी होती.

किनुएच्या हातात नावाच्या चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्या लिहिणं, चहाचे पेले मोजणं आणि रुसलेल्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांची समजूत काढणं ही तिची मंडळातली कामं. येताना तिने नेहमीप्रमाणे फाटकाशेजारच्या जिझो देवाच्या दगडी मूर्तीवर पळीभर पाणी घातलं होतं आणि रोजचं व्रत मनात उच्चारलं होतं. दुपारची घंटा होईपर्यंत कोणाबद्दलही वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. पती गेल्यापासून अकरा वर्षं तिने हे व्रत सांभाळलं होतं. बागमंडळात राहून ते सांभाळणं काय असतं, हे तिचं तिलाच माहीत.

"त्सुया-सान," तिने हळूच हाक मारली.

त्सुया आली आणि कुंडीसमोर उभी राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण पाठ ताठ. तिने कळीला बोटही लावलं नाही.

पाच वर्षं ती या एका रंगाच्या मागे होती. भाजलेल्या चहापत्तीसारखा तपकिरी, आणि कडेला केसाएवढी पांढरी रेघ. जुलैत पहिलं फूल आलं तेव्हा तिने फक्त किनुएला बोलावून दाखवलं होतं. मग बाकीच्या कळ्या खुडून आजच्या दिवसासाठी ही एक राखली. मंडळाच्या रंगांच्या वहीत नवा रंग चढायचा, तर प्रदर्शनाच्या दिवशी मंडळाच्या तीन माणसांनी फूल उमललेलं पाहावं लागतं. आणि येत्या गुरुवारी त्सुया घर बंद करून सप्पोरोला मुलाकडे जाणार होती. नववा मजला, पश्चिमेची गॅलरी. तिला पुढचं वर्ष नव्हतं.

"पताका लागल्या, चहाचं आधण चढलं, सहा खुर्च्या कमी आहेत, आणि आता हे," मागून इसोबे म्हणाली. मंडळाची चिटणीस. जूनपासून कामाच्या ताणाने तिचे दोन्ही खांदे कानांना टेकलेले होते. "साडेसहाला मोजणी, सातला बक्षिसं. मी कोणासाठी थांबणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"थांबायचं कशाला? ज्याने केलं त्याला धरा ना."

हे बोलला त्सुयाचा नवरा शोकिचि. तीस वर्षं रात्रीची लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी एरवी दहाच्या आत उठत नसे. आज मात्र खुर्च्या उतरवायला बायकोबरोबर आला होता. त्याने सरळ बोट दाखवलं ते एइसाकु हिदाकाकडे.

"हाच. काल हा केटली घेऊन आला होता. पितळेची, झाकणाला लाल दोरा बांधलेली. या फळीकडे येत होता. उकळतं पाणी ओतलं असणार यानं मुळाशी."

सगळे तिकडे वळले. हिदाकाच्या पायाशी, बाकाखाली, खरोखरच पितळेची केटली होती. आणि तिच्या झाकणाला लाल दोरा होता.

२

हिदाका सलग तीन वर्षांचा विजेता. जीभ अशी तिखट, की त्याच्या बागेतले किडेसुद्धा त्याला घाबरून असतात असं लोक म्हणत. तो केटलीकडे बघत राहिला.

"आलो होतो," तो म्हणाला. "पण ओतलं काहीच नाही."

"नियम सांगतो की पाचनंतर कुंड्यांजवळ जायचं नाही," इसोबे म्हणाली.

"नियम मला पाठ आहेत, बाई."

अध्यक्ष उराबे काठी टेकत आले. ऐंशीचे, मृदू बोलणारे, पण एकदा बोलले की बोलले. "हिदाका-सान, तुम्ही दुसऱ्याच्या रोपाला हात लावला असेल, तर बक्षिसांआधी तुमचं नाव मंडळातून जाईल. आणि त्सुया-सान, वाईट वाटतं, पण फूल दिसल्याशिवाय रंग वहीत घेता येत नाही. पुढच्या वर्षी—"

ते अडखळले. पुढच्या वर्षाचं सगळ्यांनाच माहीत होतं.

त्सुयाने मान लववली. किनुएला ती मान पाहवेना. एवढी ताठ बाई, आणि अशी लवली.

"अध्यक्षसाहेब, सातपर्यंत वेळ द्या," किनुए म्हणाली. तिचा आवाज तसा कोणाला ऐकू जात नसे, म्हणूनच सगळे वळून बघू लागले. "मला कुंडी बघू द्या."

ती फळीपुढे गुडघ्यांवर बसली. आधी मातीत बोट घातलं. गार, ओलसर. पानं तुकतुकीत, देठ ताठ. उकळतं पाणी पडलं असतं तर एव्हाना पानांनी माना टाकल्या असत्या. कळीच्या टोकाशी ओल होती, आतला रंग दाटून आलेला दिसत होता. ही कळी मेलेली नव्हती. ही नुसती निजलेली होती.

मग तिची नजर शेजारी गेली. डावीकडची कुंडी हिदाकाची, निळ्या फुलाची. ते फूलसुद्धा पुरतं उमललं नव्हतं. वाऱ्याने अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखं अर्ध्यावर थांबलं होतं. तिच्या पलीकडचं फूल एका काठाशी जरासं दुमडलेलं. त्याच्या पलीकडचं पूर्ण ताटलीएवढं.

किनुए जवळ सरकली. चाळीस वर्षं तिने फुलं पाहिली होती, पण अशी पायऱ्या पायऱ्यांनी उमललेली नव्हती पाहिली. जणू त्सुयाच्या कुंडीपाशी काहीतरी ठेवलं होतं, आणि त्याची झळ डावीकडे जाता जाता विरत गेली होती.

ती खाली वाकली. कुंडीसमोरच्या फळीवर पिठासारखं काहीतरी सांडलेलं होतं. तिने बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरलं.

पंख होते. पतंगांचे, चिलटांचे, शेकड्यांनी.

३

"इसोबे-सान, काल फाटकाला कुलूप किती वाजता लावलंत?"

"आठच्या ठोक्याला. किल्ली माझ्या गळ्यात." इसोबेने दोरी ओढून दाखवली. "आणि विचारायचंच असेल तर सरळ विचारा. त्सुया-सानच्या कुंडीची जागा मी बदलली म्हणून ती माझ्यावर नाराज होती. पण त्या कोपऱ्यात चहाचं टेबल लावायचं होतं. टेबल काय झाडावर टांगू? कुलूप लावून मी घरी गेले, गरम पाण्यात पाय सोडले, आणि टबातच झोप लागली. नवऱ्याने उठवलं."

"तुम्ही कुलूप लावलंत तेव्हा आवारात कोणी होतं?"

"चिटपाखरू नव्हतं. काळोख होता, माझ्या मलाच पायऱ्या दिसेनात."

किनुएने तिचे आभार मानले आणि हिदाकाकडे वळली. तो त्याच्या अर्ध्या फुलापुढे उभा होता. उराबे आणि दोन परीक्षक मापाचं लाकडी कडं घेऊन पहिल्या फळीवरच्या फुलांचा व्यास मोजत होते. दुसऱ्या फळीवर यायला पंधरा मिनिटं होती. तेवढ्यात हे फूल पूर्ण पसरणार नव्हतं. त्याचं सलग चौथ्या वर्षाचं बक्षीस गेल्यात जमा होतं, आणि त्याविषयी तो अवाक्षर बोलत नव्हता.

"हिदाका-सान, कुलूप लागल्यावर तुम्ही आत आलात कसे?"

"स्वयंपाकघराच्या दारानं. म्हातारे भिक्षू ते कधी लावत नाहीत."

"आणि केटलीत काय होतं?"

"पाणी. थंड. मुरवलेलं पावसाचं." त्याने फुलाकडे पाहिलं. "काल दुपारी मी पाणी द्यायला विसरलो. मी. सगळ्यांना शिकवणारा. संध्याकाळी घरी केटली दिसली तेव्हा आठवलं. म्हटलं, दोन घोट घालून येऊ, कोणाला कळतंय."

"मग घातलं का नाही?"

हिदाकाने आजूबाजूला पाहिलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"इथे कोणीतरी बसलं होतं. फळीसमोर. दिवा घेऊन. मला वाटलं मंडळाने राखण ठेवली. मी आल्या पावली पळालो. सकाळी बोललो असतो तर माझीच चोरी उघडी पडली असती."

"माणूस ओळखलात?"

"डोळ्यांवर प्रकाश होता. माणूस दिसला नाही, दिवाच दिसला."

किनुए उठली. पंख, पायऱ्या, दिवा. तीन गोष्टी एका रेषेत आल्या होत्या. चौथी गोष्ट तिला मघाशीच कोणीतरी आयती हातात दिली होती, आणि ती इतक्या लोकांसमोर, की कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

४

शोकिचि खुर्च्या लावत होता, जरा जास्तच आवाज करून.

"शोकिचि-सान, एक विचारू? हिदाका-सानची केटली तुम्ही काल पाहिलीत, ती कधी?"

"रात्री. आठ वाजून गेले असतील."

"फाटक आठला बंद झालं."

खुर्ची हवेतच राहिली.

"आणि काळोख असा होता, की इसोबे-सानला पायऱ्या दिसत नव्हत्या. मग तुम्हाला झाकणावरचा दोरा लाल आहे हे कसं दिसलं?"

शोकिचिने खुर्ची अलगद खाली ठेवली. त्याचे कान तांबडे झाले. आजूबाजूचे लोक जवळ आले होते, त्सुयाही.

किनुएला एकदम भीती वाटली. दुपारची घंटा व्हायला पाच तास होते. या माणसाविषयी वाईट काही बोलायची वेळ आली तर? पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती निवळली. चोराचा चेहरा नव्हता तो. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाचा होता.

"दिवा तुमच्याजवळ होता," ती म्हणाली. "तुम्ही राखणीला बसला होता?"

"राखण कसली," शोकिचि पुटपुटला. "बघायला बसलो होतो."

"काय बघायला?" हे त्सुयाने विचारलं.

"तुझं फूल." तो बायकोकडे न बघता बोलू लागला. "तीस वर्षं मी सकाळी घरी यायचो आणि झोपायचो. उठायचो तेव्हा फुलं मिटलेली. निवृत्त झालो, तरी झोपेची सवय गेली नाही. तू रोज सांगायचीस, आज असं आलं, आज तसं आलं. मी हूं हूं करायचो. एकही उमललेलं पाहिलं नव्हतं गं मी. आता गुरुवारी सगळं संपणार. म्हटलं, हे तरी उमलताना पाहावं. रात्रीच उमलतं ना, सकाळी तयार असतं. म्हणून मासेमारीचा कंदील आणला, मोठा, बॅटरीचा, आणि वरच्या काठीला टांगला. एक क्षण चुकायला नको म्हणून अगदी जवळ."

"सात वर्षं मी तुम्हाला अंधार पडल्यावर अंगणातला दिवा लावू देत नाही," त्सुया सावकाश म्हणाली. "कशाला, असं वाटलं तुम्हाला?"

"डास येतात म्हणून."

कोणीतरी हसलं. आधी एक, मग दहा. हिदाकासुद्धा खोकल्यासारखं करून तोंड फिरवून हसला.

किनुए हसली नाही. "शोकिचि-सान, नीट आठवून सांगा. यावर सगळं आहे. कंदील विझवलात किती वाजता?"

"अकरा. पाठ धरली, आणि डासांनी फोडून काढलं. कंदील घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारानं गेलो. घरी पोचलो तेव्हा सव्वाअकरा, रेडिओवर सांगत होते."

"नक्की अकरा?"

"मी बसचा ड्रायव्हर आहे, बाई. वेळेचं मला विचारू नका."

किनुएने बोटांवर मोजलं, एकदा, मग पुन्हा. मग ती उराबेंपुढे जाऊन उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, हे फूल आज उमलणार आहे. नऊ वाजता."

५

"आसागाओला सकाळ कळत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज स्पष्ट होता. "तिला कळतो तो अंधार. अंधार पडला की कळी मोजायला लागते, आणि दहा तासांनी उमलते. हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून तर फाटकावरचा दिवा मालवतो. काल साडेसातला अंधार झाला, बाकीची फुलं साडेपाचला उमलली. पण या कळीची रात्र अकराला सुरू झाली. हिदाका-सानच्या फुलावर तिरपा प्रकाश पडला, ते अर्ध्यावर आहे. त्याच्या पलीकडच्यावर थोडा, ते काठाशी दुमडलेलं. कंदिलावर आलेले पतंग अजून फळीवर आहेत, बघा. आणि ज्याने रोप मारायचं ठरवलं, तो त्याच फळीवरच्या आपल्या फुलाचं बक्षीस कशाला घालवेल?"

उराबेंनी वाकून पंख पाहिले. मग अर्धं निळं फूल पाहिलं. मग हिदाकाकडे वळून त्यांनी पूर्ण कमरेतून वाकून नमस्कार केला. "मी घाईने बोललो."

"केटली मी आणलीच होती," हिदाका म्हणाला. "तेवढ्याची शिक्षा या फुलानं दिली मला."

शोकिचि पुढे आला. तो इतका खाली वाकला, की त्याची टोपी पडली.

"उचला ती," हिदाका म्हणाला. "आणि यापुढे मासे पकडा."

"पण नऊ," उराबे म्हणाले. "प्रदर्शन सातला संपतं. आजवर सातनंतर आपण कधी—"

सगळ्यांनी इसोबेकडे पाहिलं. खुर्च्या, चहा, आठला मांडव उतरवणारी माणसं, दहाला दुसऱ्यांची बैठक. तिने डोळे मिटले.

"वहीच्या नियमात लिहिलंय, प्रदर्शनाच्या दिवशी," ती म्हणाली. "वेळ लिहिलेली नाही. ते पान मीच टाइप केलंय. दिवस रात्री बारापर्यंत असतो."

सात वाजले, बक्षिसं झाली. निळ्या फुलाला बक्षीस मिळालं नाही. एरवी बक्षिसं झाली की लोक न्याहारीला पांगतात. आज कोणी हललं नाही. चहाचं आधण दुसऱ्यांदा चढलं. कोणीतरी घरून तांदळाचे मुटके आणि मुळ्याचं लोणचं आणलं. मांडव उतरवणारे आले, आणि प्रकरण काय आहे ते ऐकून पायरीवर बसले.

आठला ऊन फळीवर आलं. उन्हात उशिरा उघडणारी पाकळी भाजून निघते, हे सांगायची गरज नव्हती. हिदाकाने आपली मोठी काळी छत्री उघडली आणि त्सुयाच्या कुंडीवर धरली. हात दुखला की दुसऱ्या हातात घेई. शोकिचिने मागितली, तर म्हणाला, "तुम्ही बघा. बघायचंय ना तुम्हाला?" मग बायकांनी आपापल्या छत्र्या उघडल्या आणि कुंडीच्या पूर्वेला छत्र्यांची भिंतच उभी राहिली.

साडेआठ. काहीच नाही. किनुए मनात जिझोचं नाव घेत होती. दहा तास म्हणताना आपण फार खात्रीने बोललो, असं तिला वाटायला लागलं होतं. कंदिलाचा प्रकाश, ऑगस्टचा उकाडा, कळी थकून तशीच गळली तर?

पावणेनऊला त्सुयाने तिचा हात धरला. कळीचा पीळ सैल झाला होता. इतका थोडा, की पापणी लवली तर दिसला नसता.

मग तो सुटत गेला. टोकाशी पाकळ्यांची घडी उलगडली, एक बाजू अडकल्यासारखी झाली, थरथरली आणि मोकळी झाली. आतून तपकिरी रंग वर आला, ओला, खोल, आणि कडेला ती पांढरी रेघ, कोणी सुईने ओढावी तशी. चाळीस माणसं उभी होती आणि छत्रीच्या कापडाचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"सतरा सेंटिमीटर," उराबे कडं धरून म्हणाले, "आणि अजून पसरतंय." मागच्या दोन परीक्षकांनी माना डोलावल्या. तिघांनी पाहिलं होतं.

हिदाका छत्रीखालून बघत होता. "माझं अठराचं झालं असतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण असला रंग मला जन्मात जमणार नाही."

इसोबेने वही उघडली, शाई घोटली, कुंचला भिजवला. रंग, काठ, दिनांक तिने लिहून टाकलं. "त्सुया-सान, नाव सांगा. आणि घरच्या एकाची सही लागते."

त्सुयाने कमरेच्या ओबीच्या पट्ट्यातून घडी घातलेला कागद काढला आणि मागे वळली. "अहो, इकडे या. सही करायची आहे."

शोकिचि कुंडीपुढे उकिडवा बसला होता, नाक पाकळीपासून वीतभर अंतरावर. तो वळला नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून उघडतंय."

इसोबेने कुंचला खाली ठेवला.